आजीचं लुगडं कुठे मिळेल?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा जे लोकलमध्ये हेडफोन विसरतात, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोललो तसंच ठेवलंय. फक्त ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ जरा कमी केलेत.

विषय सुरू झाला आमच्या आजीमुळे. आजी चौऱ्याऐंशी वर्षांची. दिवाळीच्या आधी तिने मला सांगितलं, “दोन लुगडी आण. सुती. धुवायला हलकी. आणि पुरती नऊ वार बघ, आठ वार देतात हल्ली.” मी म्हटलं, आज्जी, दोन मिनिटांचं काम आहे. फोन काढला, ‘नऊवारी’ टाकलं. काय आलं? शिवलेली नऊवारी, आत चढवायची आणि चेन लावायची. लावणी स्पेशल. तीन ते पाच वर्षांच्या मुलींसाठी नऊवारी, सोबत नथ फ्री. सेमी पैठणी, जरी, टिकल्या. फिल्टर लावून लावून दमलो. लग्नासाठी, नाचासाठी, फोटोसाठी सगळं होतं. सकाळी उठून नेसायचं, त्यातच भाकऱ्या थापायच्या, दुपारी त्यातच आडवं व्हायचं, असं लुगडं कुठेच नव्हतं.

शेवटी आईने तालुक्याच्या आठवडी बाजारातून आणलं. पण माझ्या डोक्यात प्रश्न राहिला. जो कपडा शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे बहुतेक सगळ्या बायका रोज नेसायच्या, तो आधी फक्त म्हाताऱ्या बायकांचा कसा झाला आणि मग थेट फॅन्सी ड्रेसच्या कप्प्यात कसा जाऊन बसला? आज तेच बघू.

आधी शब्द. आज आपण सगळ्यालाच ‘साडी’ म्हणतो. आजी म्हणत नाही. तिच्यासाठी लुगडं वेगळं, पातळ वेगळं, साडी वेगळी. लुगडं म्हणजे जाड, घट्ट विणीचं, नऊ वारांचं. पातळ म्हणजे बारीक सुताचं, नावाप्रमाणे पातळ. ते नऊवारीही असायचं आणि पुढे पाचवारीही आलं. एक वार म्हणजे छत्तीस इंच, म्हणजे नऊ वार झाले सव्वाआठ मीटर. काष्टा न घालता नेसायची ती ‘गोल’, म्हणून ‘गोल पातळ’. हे तीन शब्द नीट ऐकले की कोण कुठल्या पिढीचं आणि कुठल्या घरातलं, हे बऱ्यापैकी कळतं. माझ्या आईच्या तोंडी ‘पातळ’ अजून येतं. बहिणीच्या तोंडी नाही.

आता हे सव्वाआठ मीटर अंगावर बसतात कसे? कंबरेभोवती गुंडाळून पुढे गाठ, त्यातून निऱ्या, निऱ्यांचा मधला भाग दोन पायांतून मागे घेऊन खोचायचा, तो कासोटा. उरलेलं छातीवरून खांद्यावर, तो पदर. आत परकर लागत नाही, नाडी लागत नाही, पिन लागत नाही. शिलाई शून्य. अंगात असायची ती खणाची चोळी, पुढे गाठ मारायची. दोन्ही पाय वेगळे राहतात, त्यामुळे चिखलात भात लावता येतो, डोंगर चढता येतो, झाडावर चढता येतं. कंबरेला जो ओचा होतो त्यात सुटे पैसे, सुपारी, शेतातून वेचलेल्या शेंगा, काहीही मावतं. आजीची चंची तिथेच असते. माझ्या जीन्सच्या खिशात फोन ठेवून खाली बसलं की टोचतो. तिला कधी काही टोचलेलं बघितलं नाही.

ही लुगडी यायची कुठून? बरीचशी हातमागावरची, आणि एक मोठं नाव म्हणजे इरकल. हे गाव आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. कन्नडमध्ये इळकल. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी तो सगळा भाग मुंबई राज्यातच होता. सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या बायकांसाठी इरकल म्हणजे परराज्यातली वस्तू नव्हतीच. इरकलची गंमत तिच्या पदरात आहे. अंगाचं सूत वेगळं आणि पदराचं रेशीम वेगळं. दोन्हींचे उभे धागे एकमेकांत फासे अडकवून जोडतात. या जोडकामाला कोंडी म्हणतात. त्यामुळे लांबच लांब ताणा लावून एकामागून एक साड्या विणायच्या आणि कापायच्या, असं चालत नाही. प्रत्येक साडीचा ताणा वेगळा बांधावा लागतो. आणि चोळीचा खण यायचा त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून. म्हणजे ज्याला आपण अस्सल मराठी आजीचा वेष म्हणतो, त्यातला बराचसा भाग कानडी विणकरांच्या हातचा. आपल्या अस्मितेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे टाकून बघा.

मग आले यंत्रमाग. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. तिथले जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा त्याला पाठिंबा होता. पुढे इचलकरंजी आणि मालेगाव या दोन गावांनी रंगीत सुती लुगडी भरपूर विणली. मालेगावात विणणारे बरेचसे मोमीन, अन्सारी घरातले. त्यांचे पूर्वज उत्तर हिंदुस्थानातून, विशेषतः १८५७ च्या धामधुमीनंतर, इथे येऊन वसले. म्हणजे आपल्या गावाकडच्या आज्यांच्या अंगावरचं हिरवं लुगडं कुणा उर्दू बोलणाऱ्या माणसाच्या मागावर झालेलं असण्याची शक्यता चांगलीच आहे.

इथपर्यंत छान वाटतं ना? आता जरा अवघड भाग.

‘म्हाताऱ्या बायकांचे कपडे’ असं आपण सहज म्हणतो. पण जुन्या काळी लग्नात नवरा-बायकोच्या वयात केवढं अंतर असायचं ते आठवा. म्हातारपणापर्यंत पोचलेली बाई अनेकदा विधवा असायची. त्यामुळे म्हाताऱ्या बायकांच्या कपड्यांचा इतिहास हा बराचसा विधवांच्या कपड्यांचा इतिहास आहे. तो सोडून नुसतं लुगड्याचं कौतुक करणं मला तरी जमणार नाही.

ब्राह्मण घरांत, आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या काही घरांत, विधवेला आलवण नेसवायचे. आलवण म्हणजे तांबडं, जाडंभरडं, बिनकाठाचं एकच वस्त्र. चोळी नाही. डोक्याचं केशवपन, आणि त्यावरून तोच पदर. यात वयाचा काही संबंध नव्हता. बारा वर्षांची मुलगी विधवा झाली तरी हेच. म्हणजे एका दिवसात तिला ‘म्हातारी’ करून टाकायचे आणि पुढची साठ वर्षं ती त्याच कपड्यात. जुन्या ग्रुप फोटोंमध्ये कडेला, मागच्या रांगेत, डोक्यावरून पदर ओढलेली एखादी बाई असते. बऱ्याच घरांत तिचं नावसुद्धा आता कुणाला सांगता येत नाही, नुसतं ‘त्या सोवळ्या आत्याबाई’.

याविरुद्ध जे झालं त्यातल्या काही गोष्टी आपण शाळेत शिकलो. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. तिथे शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये लग्न केलं, आणि १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम सुरू केला. पण एक गोष्ट माझ्या पुस्तकात नव्हती. १८९० मध्ये मुंबईत नाभिकांची सभा झाली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. त्यामागे कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता. वस्तरा ज्यांच्या हातात, त्यांनीच वस्तरा खाली ठेवायचं ठरवलं! मला ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते. शास्त्रात काय लिहिलंय यावर वाद घालत बसण्यापेक्षा थेट सर्व्हिसच बंद.

आलवण गेलं, पण हळूहळू. त्याच्या जागी पांढरं किंवा फिक्या रंगाचं लुगडं आलं, मग ‘हिरवं नको’, ‘मोठी टिकली नको’, ‘एवढा गडद रंग या वयात शोभत नाही’ इथपर्यंत ते विरळ होत आलं. संपलं का? शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की गावात नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. २०२२! तेव्हा आपल्या फोनमध्ये फाइव्ह जी यायची वाट बघत होतो आपण.

माझे आजोबा गेले तेव्हा मी आठवीत होतो. तेव्हापासून आजी हिरवं नेसत नाही. तिला कुणी सक्ती केली नाही असं घरातले सगळे सांगतात. मीही तेच सांगायचो. या दिवाळीला आईने बाजारातून आणलेल्या दोनांत एक हिरवं होतं. आजीने दोन्हींवरून हात फिरवला, सूत बघितलं, वार मोजले आणि हिरवं आईला परत दिलं. “हे बदलून आण. नाहीतर तू ठेव, गोधडीला होईल.” आई काही बोलली नाही. मीसुद्धा नाही बोललो, आणि ते मला अजून खटकतंय.

आता अजून एक बाजू. लुगडं सगळ्यांचं होतं, पण ते किती खालपर्यंत नेसायचं हे सगळ्यांच्या हातात नव्हतं. दलित बायकांनी लुगडं गुडघ्यापर्यंत वर नेसायचं, घोट्यापर्यंत सोडायचं नाही, असा अनेक गावांत दंडक होता. अंगावर दागिने चांदीचे किंवा कथलाचे, तेही ठरावीक. लांबूनच जात ओळखू आली पाहिजे, हा हेतू. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद झाली. मनुस्मृतीचं दहन झालं ते याच परिषदेत. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बायकांसमोर वेगळे बोलले, आणि बाकी गोष्टींबरोबर कपड्यांवरही बोलले. ज्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखतात ते टाकून द्या, लुगडं घोट्यापर्यंत नेसा, असा त्याचा आशय. आणि बायकांनी ते तिथल्या तिथे केलं. परिषदेतल्या काही सवर्ण कार्यकर्त्यांच्या घरच्या बायकांनी त्यांना नेसायला मदत केली.

विचार करा, त्या परत गावी गेल्या असतील तेव्हा काय झालं असेल. चार बोटं खाली आलेला काठ. गावाच्या नजरेत तो लगेच भरला असणार.

आणि म्हणून पांढऱ्या रंगाचं एक वेगळंच प्रकरण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा लोक पांढरे कपडे घालून आले होते. आजही ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या रांगेत बघा, पांढऱ्या साडीतल्या, बऱ्याचदा निळ्या काठाच्या, कितीतरी म्हाताऱ्या बायका रात्रीपासून उभ्या असतात. एका घरात पांढरं लुगडं म्हणजे तुझं सगळं संपलं. दुसऱ्या घरात तेच पांढरं म्हणजे आम्ही नव्याने सुरुवात केली.

बरं, मग नऊवारी गेली कशी? नेहमीचं उत्तर असतं ‘आधुनिकता’. या शब्दाने काहीच कळत नाही. दुसरं उत्तर जुन्या माणसांकडून ऐकू येतं ते युद्धाचं. दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांचं कापड सैन्याला जायला लागलं, भाव चढले, १९४३ मध्ये सरकारने कापडावर कंट्रोल आणला. टंचाईत नऊ वार परवडेनात, म्हणून पाचवारी आली, असं सांगतात. यात तथ्य आहे, पण हिशोब करून बघितला तर पुरतं पटत नाही. सहा वारांच्या साडीत तीन वार वाचतात खरे, पण आत परकर लागतो, त्याला दोनेक मीटर कापड. वर शिवलेलं पोलकं, म्हणजे शिंप्याचे पैसे. बचत फार उरत नाही.

मला जास्त पटतं ते असं. गोल नेसण शहरात आली ती शाळा-कॉलेज, नोकरी आणि देशभरातल्या शिकलेल्या बायकांच्या फॅशनमधून. यात मुंबईचा एक मजेशीर वाटा आहे. रवींद्रनाथांच्या वहिनी ज्ञानदानंदिनी देवी नवऱ्याच्या नोकरीमुळे १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात राहिल्या. इथल्या पारशी बायकांचं नेसणं बघून त्यांनी ते जरा बदललं आणि बंगालात नेलं. परकर आणि पोलक्यावर नेसायची गोल साडी देशभर पसरली त्यात या नेसणीचा मोठा हात आहे. आपल्याकडे ती शहरातल्या तरुण मुलींनी उचलली. घरातल्या मोठ्यांना ती आवडली नाही, कासोटा नसलेली नेसण पूजेला, सोवळ्याला चालणार नाही म्हणून बडबड झाली. मुली हो हो म्हणाल्या आणि गोलच नेसत राहिल्या. (ही पद्धत आजही चालते.)

आणि इथे खरी गोष्ट घडली. लुगडं काही मुळात म्हातारीचं वस्त्र नव्हतं. एका पिढीने ते सोडलं, आधीच्या पिढीने नाही सोडलं, आणि ती आधीची पिढी वयस्क होत गेली. माझ्या आजीने वयाच्या तेराव्या वर्षी लुगडं नेसलं ते ‘आजीसारखं’ म्हणून नाही. तेव्हा सगळ्याच नेसत होत्या. ती तिथेच राहिली, जग पुढे गेलं. त्याच हिशोबाने आता साठीच्या बायका गोल साडीत आहेत, आणि पन्नाशीच्या बायका पंजाबी ड्रेसमध्ये. अजून वीस वर्षांनी टीव्ही सिरियलमध्ये ‘टिपिकल आजी’ दाखवायची असेल तर तिला कुर्ता-लेगिंग घालावे लागतील. आणि आपल्या नातवंडांना जीन्स ही आजी-आजोबांची गोष्ट वाटेल.

दुसरं कारण धुणं. यावर कुणी फारसं बोलत नाही, कारण इतिहास लिहिणारे बहुधा धुणं धूत नसावेत. सव्वाआठ मीटर जाड सुती कापड ओलं झालं की किती जड होतं, हे बादलीतून उचलून बघा. ते आपटायचं, दोघींनी दोन टोकं धरून पिळायचं, काठीने उंच दांडीवर टाकायचं, पावसाळ्यात दोन दोन दिवस ओलसर. मग ऐंशी-नव्वदच्या दशकात सुरतेच्या पॉलिस्टर साड्या गावोगाव पोचल्या. स्वस्त, हलक्या, झटकल्या की वाळल्या, इस्त्री नको. ज्या बाईने चाळीस वर्षं सुती लुगडी पिळली तिने ती साडी घेतली तर तिला परंपरा सोडली म्हणून बोल लावायला मी तरी जाणार नाही.

पण त्यात एक गोष्ट गेली. सुती लुगडं फाटल्यावर संपत नसे. विरलेलं लुगडं आधी बाळंतघरात जायचं, कारण त्याच्याइतकं मऊ दुसरं काही नसे. त्याची दुपटी व्हायची, पाळण्याची झोळी व्हायची. उरलेलं थरावर थर रचून टाके घालत गोधडी किंवा वाकळ. आणि गोधडी पण फाटली की पुसायला, पोतेरं म्हणून. पॉलिस्टरचं यातलं काहीच होत नाही. ते घाम पीत नाही आणि थंडीत ऊब देत नाही. मी जी गोधडी हॉस्टेलला नेली होती, आणि जिची रूममेटसमोर मला लाज वाटायची, तिच्यात आजीची तीन आणि पणजीचं एक लुगडं आहे. पणजीचं बाहेरून दिसत नाही, आतल्या थरात आहे.

तिसरं, शरीर. याचा विचार मी कधी केला नव्हता. मागच्या वर्षी आजीचं खुब्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात लुगडं उतरवलं आणि गाऊन घातला. घरी आल्यावर दोन महिने गाऊनच, कारण कासोटा घालायला दोन्ही पायांवर नीट उभं राहावं लागतं, मागे हात न्यावा लागतो, आणि कमोडवर बसताना ते सगळं सोडवावं लागतं. गाऊन फार सोयीचा. आपल्याकडे ऐंशीच्या दशकानंतर घरोघरी बायकांनी तो असा उचलला की विचारू नका, आणि बरोबरच केलं. पण आजीला त्यात नागडं वाटायचं. कुणी आलं की ती खांद्यावर टॉवेल टाकायची. तुमच्याही सोसायटीत गाऊनवर ओढणी किंवा टॉवेल घेऊन दूध घ्यायला येणाऱ्या काकू असतील. आपण हसतो. तो टॉवेल म्हणजे पदर आहे. साडी गेली, पदर राहिला.

आणि ज्यांनी सोडलं नाही त्यांचं काय? बारामतीच्या लता करे साठी ओलांडल्यावर नऊवारी नेसून, अनवाणी मॅरेथॉन धावल्या, नवऱ्याच्या उपचारासाठी बक्षिसाचे पैसे हवे होते म्हणून. त्यांच्यावरच्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला, आणि त्यात कामही त्यांनीच केलंय. अकोले तालुक्यातल्या बीजमाता राहीबाई पोपेरे पद्मश्री घ्यायला राष्ट्रपती भवनात गेल्या त्या नऊवारीतच. या दोघींच्या अंगावरचं लुगडं ‘लूक’ नव्हता. त्या रोज नेसतात तेच नेसून गेल्या.

पाडव्याच्या शोभायात्रेत बुलेटवर नऊवारी नेसून जाणाऱ्या मुलींवर माझा राग नाही, सांगून ठेवतो. माझी बहीण जाते. तिची शिवलेली आहे, दीड मिनिटात घालून होते. आजीने तिला एकदा बघितलं, मागून कासोट्याला हात लावला, तो शिवलेला आहे हे कळल्यावर इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, “बस इथं, शिकवते.” बहिणीने फोन खिडकीत उभा करून रेकॉर्डिंग लावलं. अकरा मिनिटांचा व्हिडिओ आहे. त्यातली सात मिनिटं आजी ओरडतेय की निऱ्या उलट्या घेतल्यास.

आणि ते हिरवं लुगडं अजून कपाटात आहे. आईने बदलून आणलं नाही, गोधडीतही घातलं नाही. तिच्या मनात काय आहे ते तिने सांगितलं नाहीये. परवा मी आजीला स्वतःच विचारलं, आज्जी, नेसशील का? तिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “केवढ्याला पडलं ते?”

मी किंमत सांगितली. “महाग आहे,” म्हणाली. “टाकून कसं द्यायचं.”

तर असं चाललंय. पुढच्या एपिसोडमध्ये काय झालं ते सांगेनच. तोवर तुमच्या घरात कुणी रोज नऊवारी नेसत असेल तर त्यांना विचारून बघा, पहिलं लुगडं कुणी नेसवलं होतं. उत्तर व्हॉइस नोटमध्ये पाठवा, लांब असली तरी चालेल. भेटू.